मेपलच्या राईतलं पांघरूण

१

दुपारचं वाटाण्याचं सूप झालं की ओदिलाँ आणि मी राईत फेरी मारायला निघायचो. त्या उन्हाळ्यात तो आमचा नेमच होता. सप्टेंबरात आमचं लग्न व्हायचं होतं. मी अठ्ठावन्न वर्षांची, तो त्रेसष्टचा. गाव म्हणायचं, “गिस्लेनला उशिरा का होईना, अक्कल सुचली.” ओदिलाँची बहीण दोनाल्दा, जिच्या घरी तो बायको गेल्यापासून जेवत होता, ती म्हणायची, “हिला सुचली आणि ह्याची गेली.”

राई माझ्या वडिलांची. शोदिएर नदीच्या वरच्या उतारावर बाराशे मेपल, मधल्या मोकळ्या जागेत रस आटवायची लाकडी शेड आणि तिला लागून दोन खोल्यांचं घर. चाळीस वर्षं मी खाली गावातल्या शर्टांच्या कारखान्यात मशीनवर काढली, पण मार्च महिना मात्र कधी कुणाला दिला नाही. मार्चमध्ये झाडांना भोकं पाडायची, रस उतरवायचा, आटवायचा, पाक बरण्यांत भरायचा. निवृत्त झाले तशी इथेच राहायला आले. लग्नानंतर ओदिलाँही इथेच येणार होता. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत, आणि स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची सवय. खरं सांगायचं तर त्याच्या त्या हसण्यावरच मी भाळले.

त्या जुलैत राईत शिरलं की आधी आवाज यायचा. आभाळ निरभ्र, वारा नाही, आणि तरी भुरभुर पाऊस लागल्यासारखा आवाज. पाऊस कुठला! वर लाखो अळ्या पानं खात होत्या, आणि त्यांची घाण खालच्या पानांवर टपटपत होती. ओदिलाँ टोपी घट्ट करून म्हणायचा, “गिस्लेन, तुझे भाऊबंद ओव्हरटाइम करतायत.”

भाऊबंद, कारण आमच्याकडे त्या अळीला शिंपी म्हणतात. मे महिन्यात निळे पतंग येतात, तांदळाच्या दाण्याएवढे, पोलादासारखे चकचकीत, डोकं तेवढं केशरी. ते मेपलच्या पानाच्या पोटात अंडं घालतात. अळी आधी पानाच्या आतच राहते. मग एक दिवस पानाचा लंबगोल तुकडा कापून घेते, रेशमाने शिवते आणि त्याच्याखाली घर करते. अंग वाढलं की त्याहून मोठा तुकडा. ते घर पाठीवर घेऊन कासवासारखी फिरते. बसते तिथून मान बाहेर काढून तोंड पोचेल तिथवर चहूकडचं खाते. घराखालचं तेवढं हिरवं राहतं. म्हणून पानावर कडी दिसतात. मधे हिरवं बेट, भोवती नुसती जाळी. पानगळीत ती घरासकट खाली येते, पाचोळ्यात बर्फाखाली झोपते आणि मे महिन्यात पंख घेऊन उठते.

सलग तिसरं वर्ष होतं. ऑगस्टपर्यंत राई विस्तवावरून फिरवल्यासारखी तपकिरी व्हायची. पलीकडच्या राईचा मालक युक्लीद पुलाँ, त्याने कुंपणावर कोपर टेकून मला सरळ सांगितलं होतं, “अजून एक असा उन्हाळा, गिस्लेन, आणि मग करवत काढायची. तुलाही आणि मलाही.”

२

जुलैच्या मध्यावर एका सकाळी अंगणातल्या टेबलावरच्या मेणकापडाला भोक दिसलं. लाल-पांढऱ्या चौकडीचं मेणकापड, कोपऱ्याजवळ नाण्याएवढा लंबगोल तुकडा गायब.

“हे तू केलंस?” मी ओदिलाँला विचारलं.

“मी? मला पाव सरळ कापता येत नाही आणि हे कापीन?”

“मग कोणी?”

“काल दोनाल्दा आली होती ना? ती बिस्किटांचा साचा पर्समध्ये घेऊन फिरते. लग्न मोडायचे प्रयत्न सुरू झाले बघ.” आणि लागला हसायला.

मी हसले, पण बोट त्या कडेवरून फिरवत राहिले. कात्रीने लंबगोल कापला की वळणावर कुठेतरी कात्री थांबते, पुन्हा उघडते, आणि तिथे एक बारीकसा दात राहतो. हात कितीही चांगला असला तरी राहतोच. चाळीस वर्षं मी तो दात बघून कारखान्यातल्या मुलींचं काम परत करत आले. इथे दात नव्हता. कड सगळीकडून सारखी होती, आणि किंचित ओलसर.

दव असेल, मी म्हटलं. जुलैत दव पडतंच.

आठवड्याभराने दोरीवरच्या चादरीला भोक पडलं, बशीएवढं. चादर टाकून मी आत गेले होते ती पाक गाळायच्या फडक्याला शिवण घालायला, जास्तीत जास्त अर्धा तास. दोरीखालच्या गवतावर पाऊल उमटलेलं नव्हतं. उंदीर दोरीवर चढेल, पण उंदीर बशी आखून कुरतडत नाही. गावातली टवाळ पोरं म्हणावीत, तर रस्ता दोन मैल खाली आणि आमच्या उतारावरून कुणी वर आलं तर धापेचा आवाज आधी येतो.

एवढा सगळा विचार केला आणि चादरीला ठिगळ लावलं. ठिगळ सुरेख बसलं.

३

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोधडी गेली.

ती मी आमच्या लग्नासाठी शिवत होते. त्यात ओदिलाँच्या बस चालवतानाच्या सदऱ्यांचे तुकडे होते, माझ्या वडिलांच्या विजारींचे होते, आईच्या जांभळ्या झग्याचे होते. सकाळी दहाला ऊन द्यायला ओट्याच्या कठड्यावर टाकली आणि आत पीठ मळत बसले. मळता मळता बाहेरून आवाज येत होता. खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. ओदिलाँ लवकर आला आणि ओट्यावर दाढी करतोय, असं वाटून मी आतून ओरडले, “मिशीला हात लावू नकोस हं! मी मिशीशीच लग्न करतेय!”

आवाज थांबला. उत्तर आलं नाही.

बाहेर आले तर ओट्यावर कुणी नव्हतं. गोधडीच्या मधोमध परातीएवढा लंबगोल आरपार गेला होता, कापूस-अस्तरासकट. ओदिलाँ बाराला आला. त्याला सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखं थट्टेवारी नेत म्हणाला, “रॅकून असेल.”

“रॅकूनने माप घेतलं?”

त्यावर तो हसला नाही. भोकात हात घालून कड चाचपत राहिला, मग बोटं पँटला पुसली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी लाकडांवरची ताडपत्री. तिला जे भोक पडलं त्यातून माणूस उभा आरपार गेला असता. ताडपत्री दाखवायला मी युक्लीदला बोलावलं. वाटलं, तो तरी थट्टा करील. त्याने टोपी मागे सारून डोकं खाजवलं आणि विचारलं, “कधीपासून?”

“जुलैपासून.”

“हं,” युक्लीद म्हणाला. “पोरांचं काम.” आणि कॉफीलाही न थांबता कुंपण ओलांडून गेला.

४

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही दुपारी पोटभर जेवलो. बक्व्हीटच्या पिठाची धिरडी, त्यावर पाक. ओदिलाँ म्हणाला, “मी आता माणसात नाही,” आणि शेडमागच्या उंच गवतात जाऊन आडवा झाला. मी बिटाच्या लोणच्याच्या बरण्या भरत होते. खिडकीतून त्याचं घोरणं ऐकू येत होतं. मधेच ते ऐकू येईनासं झालं. म्हणजे बंद नाही झालं. कुणी दार लोटून घ्यावं तसं बुजलं. मी शेवटच्या दोन बरण्यांची झाकणं लावली. मग ते पुन्हा मोकळं ऐकू येऊ लागलं.

उठवायला गेले तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. लख्ख ऊन होतं, टोळ ओरडत होते.

गवतात एक कडं होतं. हातभर रुंद, गवत मुळांपर्यंत खाल्लेलं, खालची काळी माती उघडी पडलेली. कड्याच्या आत लांब हिरवं गवत जसंच्या तसं, लंबगोल. आणि त्या लंबगोलात, बरोबर मधे, हात छातीवर घेऊन ओदिलाँ झोपला होता.

मला कडं ओलांडवेना. बाहेरूनच हाक मारली.

तो उठून बसला, डोळे चोळले, प्रसन्न हसला. “काय झोप लागली गं! कित्येक वर्षांत लागली नव्हती. पांघरूण तेवढं काढायला नको होतंस, मग जरा गार वाटलं.”

“मी पांघरूण घातलं नव्हतं, ओदिलाँ.”

“चल! मला तुझी गोधडी कळत नाही होय? नाकाशी तो जांभळा तुकडा होता. तुझ्या आईचा.”

“आणखी काय होतं?”

“काही नाही. जड होतं. ऊबदार.” तो आठवू लागला. “वर कुणीतरी हळूच कूस बदलावी, तसं थोडं...”

तेवढ्यात त्याला कडं दिसलं. मग लहान पोराने डबकं ओलांडावं तशी लांब टांग टाकून बाहेर आला आणि माझा हात धरला. त्याचा हात गरम होता, नुकत्याच उबेतून निघालेल्या माणसाचा असतो तसा.

“लग्नाचं जेवण राईत नको, चर्चच्या हॉलमध्ये ठेवू या,” मी म्हटलं.

“मुळीच नाही.”

“ओदिलाँ, ते तुझ्यावर बसलं होतं!”

“बसलं होतं ना? खाल्लं तर नाही? वास घेतला असेल, म्हटलं असेल, म्हातारा कडू आहे.” आणि त्याला हसू फुटलं. आधी बळेच, मग खरोखरचं. मला रागच आला त्याचा. आणि रागावता रागावता मीही हसत सुटले, दोघं गवतात उभे राहून, डोळे पुसत. त्या कड्याकडे मात्र दोघांनीही पाठ केली नव्हती.

५

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी फादरनी चर्चमध्ये आमचं लग्न लावलं आणि दुपारी साठ माणसं राईत जेवायला आली. पाकातलं हॅम, डुकराच्या चरबीत रात्रभर शिजलेले घेवडे, मांसाचं सारण भरून भट्टीत भाजलेल्या जाड पोळ्या, आणि कुणाच्या तरी तळघरातली दारू. युक्लीदच्या भावाने व्हायोलिन काढलं, ओदिलाँने खिशातून दोन चमचे काढून मांडीवर ताल धरला. बसलेल्यांनीही पायांनी खाली अंथरलेल्या फळ्या वाजवायला सुरुवात केली. दोनाल्दाने आदल्याच दिवशी गुडघ्याची तक्रार केली होती. ती पहिल्या नाचाला उठली ती बसायलाच तयार नव्हती. पानं वेळेआधीच गळत होती. आजारी झाडांची पानं ती, पण उन्हात सोन्यासारखी दिसत होती आणि पाहुणे म्हणत होते, काय देखणा दिवस काढलात!

मी कधी इतकी सुखात नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण त्याच सुखात मी पाकाची एक बरणी आणायला शेडच्या मागे गेले.

राईतल्या सगळ्यांत थोरल्या मेपलखाली, पाचोळ्यात, एक उंचवटा होता. मला आधी ताडपत्री ओळखू आली. तिच्या कडेखालून गोधडी डोकावत होती, गोधडीखालून चादर. एका टोकाला मेणकापडाची चौकडी, लाल-पांढरी, इवलीशी. व्हायोलिनने वेग घेतला आणि तो उंचवटा सरकला. एकच पाऊल. आवाजाच्या दिशेने. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या पिटल्या, उंचवटा थांबला. दुसरं गाणं सुरू झालं, पुन्हा एक पाऊल.

मी स्वतःला सांगितलं, वारा आहे. वारा नव्हता. सांगितलं, दारू चढली. मी एकच घोट घेतला होता.

मग पुढची कड वीतभर उचलली गेली. आत अंधार होता. त्या अंधारात काहीतरी केशरी, ओलं, माझ्याकडे वळलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि परक्या बाईसमोर दार उघडलं गेल्यासारखं झटकन आत गेलं. कड खाली टेकली.

बरणी माझ्या हातून पडली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी ती घेऊन परत आले. दोनाल्दाने माझ्या तोंडाकडे बघितलं. “काय गं, भूत पाहिलंस?”

“नवरा पाहिला,” मी म्हटलं. “भर उजेडात.”

सगळं टेबल हसलं, सगळ्यांत मोठ्याने ओदिलाँ. त्याने मला ओढून नाचायला नेलं. मी मागे शेडकडे बघत नाचले, पण नाचले, आणि पाय दुखेपर्यंत नाचले.

६

ओदिलाँला त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, “मग झाडून जाळायचं सगळं.” तसंही आम्हाला जाळायचंच होतं. पाचोळ्यात झोपलेल्या शिंप्यांवर तोच एक इलाज होता.

ऑक्टोबरात सगळी पानं उतरल्यावर अर्धं गाव दाताळी घेऊन आलं. एक दिवस माझी राई, दुसरा दिवस युक्लीदची. पुढारी युक्लीदच. “एक पान मागे ठेवायचं नाही!” तो झाडाझाडाशी जाऊन ओरडत होता. “एक पान म्हणजे दहा अळ्या! खरडून काढा!” मोकळ्या जागेत ढीग पेटले, धुराला गोड वास होता, बायका कढईतून सूप वाढत होत्या, आणि त्या धगीत ते लाखो इवले कोष तडतडत फुटत होते.

थोरला मेपल मी माझ्याकडे घेतला. दाताळ्याने पहिलाच थर ओढला आणि ताडपत्री लागली. आता ते सरकत नव्हतं. चारी बाजूंनी जमिनीशी टाचून बंद झालं होतं.

मी गुडघ्यावर बसले. बघायचं नव्हतं, पण सवय जाते कुठे? शिवण बघितली. करड्या रेशमाची, इंचाला वीस टाके. कारखान्यातल्या सगळ्यांत चांगल्या बाईचे चौदा यायचे. ताडपत्रीसारख्या आडमुठ्या कापडाला मऊ गोधडी जोडली होती आणि कुठे चुणी नव्हती. जिथे माझ्या आईचा जांभळा तुकडा कापताना अर्धा तुटला होता, तिथे त्याच्या कडेने वेगळा, दुहेरी टाका घातला होता. उसवू नये म्हणून.

ओदिलाँ पेटता पलिता घेऊन आला. “गिस्लेन, बाजूला हो.”

“थांब. ही शिवण बघ.”

“शिवण?” त्याचा आवाज चिरकला. “अगं, ते काय आहे हे तुला माहीत आहे का?”

“नाही. तुला?”

मी तळहात ताडपत्रीवर ठेवला. ती कोमट होती. आणि आतून, माझ्या तळहाताच्या बरोबर खाली, काहीतरी हळूच दाबलं गेलं आणि तसंच राहिलं.

माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. तरी हात काढला नाही. ओदिलाँ माझ्याकडे बघत होता, पलित्यातून ठिणग्या त्याच्या बुटांवर पडत होत्या. शेवटी त्याने पलिता ओल्या मातीत खुपसला आणि दाताळं उचललं. पाचोळा आम्ही दोघांनी मिळून परत वर ओढला.

“ते झाड झालं का?” लांबून युक्लीद ओरडला.

“झालं!” मी ओरडले.

तो कमरेवर हात ठेवून आमच्याकडे आणि त्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग “बरं,” म्हणाला आणि दुसरीकडे वळला.

७

तो हिवाळा आमच्या संसाराचा पहिला. छपराला टेकेल इतकं बर्फ पडलं. ओदिलाँ मला पत्त्यांत उघड उघड फसवायचा आणि पकडला गेला की गाणं म्हणायचा. मार्चमध्ये रस थोडा उतरला, पण असा गोड पाक वडिलांच्या काळानंतर मी चाखला नव्हता. थोरल्या मेपलला आम्ही भोक पाडलं नाही. कुणी त्याविषयी बोललं नाही.

मे महिन्याच्या शेवटी, एका सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. कड एका बाजूने उसवलेली होती, आतून. फटीतून एक सालपट अर्धं बाहेर आलेलं, तपकिरी, पातळ, रिकामं. पतंग निघून गेला की तसंच राहतं. त्याच्यावर आतल्या अंगाचा ठसा असतो, पंख कुठे मिटले होते, पाय कुठे. माझी नजर खालच्या टोकाकडून वर निघाली. ती अर्ध्यावर पोचली असेल, तोच ओदिलाँने कोट काढून त्या सालपटावर टाकला. तो माझ्याहून उंच आहे, त्याला वरचं टोक आधी दिसलं होतं.

“काय होतं?” मी विचारलं.

“कॉफी करू या,” तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. हे लिहिते आहे त्या दिवसापर्यंत त्याने मला ते सांगितलेलं नाही, आणि तो कोटही पुन्हा घातलेला नाही.

पण राई वाचली. जून सरत आला तरी पानं अख्खी होती. भोक नाही, कडं नाही. उन्हासमोर धरावं तर नुसत्या हिरव्या शिरा. चार वर्षांनी आमच्या अंगणात खरी सावली पडली. आम्ही युक्लीदला जेवायला बोलावलं. तो ताज्या ट्राउट मासळीची जुडी घेऊन आला, ओदिलाँने ती लोण्यात तळली, आणि आम्ही तिघं बाहेर टेबलाशी बसून बोटं चाटत होतो. ओदिलाँ त्याची ती बसमध्ये शिरलेल्या बकरीची गोष्ट सांगत होता. युक्लीदने ती शंभरदा ऐकली असेल, तरी तो टेबलावर थापा मारत होता.

पक्षी गप्प झाले.

कुणीतरी वर, शेंड्यांच्याही वर, भली मोठी ओली चादर झटकावी तसा आवाज आला. एकदा. मग पुन्हा. टेबलावरचा प्रकाश बदलला. माशांवर, बशांवर, माझ्या हातांवर निळं पसरलं, पोलादी निळं, आणि हळूहळू पुढे सरकू लागलं.

“वर बघू नकोस,” ओदिलाँ हलकेच म्हणाला आणि माझं मनगट धरलं.

मी वर बघितलं. फांद्यांच्या फटीतून दिसलं तेवढंच, एका श्वासापुरतं. मला भीती वाटायला हवी होती आणि वाटलीही. पण माझ्या तोंडून जे निघालं ते हसू होतं. मेळ्यात पाळणा वर चढतो तेव्हा पोटातून उसळतं तसलं.

निळं पुढे गेलं. ऊन परत आलं. मी श्वास सोडणार, तोच आवाज पुन्हा झाला, या वेळी कुंपणापलीकडून, युक्लीदच्या राईवरून. पहिलं निळं वळलं. दोन्ही निळे डाग उतारावर एकमेकांत मिसळले आणि नदीच्या बाजूला उतरत गेले.

ओदिलाँने माझं मनगट सोडलं नव्हतं. आम्ही दोघांनी एकदमच युक्लीदकडे पाहिलं. जाळताना एक पान ठेवू न देणारा युक्लीद. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. कान लाल झाले होते.

“तो दुसरा,” तो खाली बशीत बघत म्हणाला, “आमच्याकडचा.”